घोडीच्या पायाला हळद

मला एका घोडीचा मत्सर वाटत होता, एवढं एक वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली. माणसाचा मत्सर सांगता येतो. मित्राला प्रमोशन मिळालं, शेजाऱ्यानं मोठं घर घेतलं, आपला जळफळाट झाला, हे चारचौघांत हसत कबूल करता येतं. घोडीचं कोणाला सांगणार? तसाही मी बोलणाऱ्यातला नाही. बायको म्हणायची, तुमच्याशी बोलणं म्हणजे आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवणं, पोचला की नाही ते देवाला ठाऊक.

तेव्हा आम्ही मिनेसोटात ईडन प्रेरीला राहत होतो. मी एका कंपनीचा डेटाबेस सांभाळायचो. बायको लग्नाआधी नागपूरला शाळेत शिकवायची. इथं ती माझ्या व्हिसावर आलेली, म्हणजे तिला नोकरीची परवानगी नाही. मुलगी हायस्कूलला असताना घोडेस्वारी शिकायला जायची, शहर संपून मक्याची शेतं लागतात तिथल्या एका तबेल्यावर. तिला नेण्या-आणण्याचं काम बायकोचं. मग मुलगी कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात गेली आणि तिचं घोड्याचं वेड एका सेमिस्टरमध्ये उतरलं. फोनवर म्हणाली, "आई, आय आउटग्रू इट." आईचं तबेल्यावर जाणं मात्र चालूच राहिलं. मी म्हटलं, सवय आहे, सुटेल.

तबेल्याची मालकीण सत्तरीची होती, नवरा गेल्यावर एकटीनं सगळं चालवणारी. तिनं बायकोला एक घोडी सांभाळायला दिली. शिकायला येणाऱ्या मुलींना सडपातळ, लांब पायांचे घोडे हवे असायचे, आणि ही तशी नव्हती. आई क्लाइड्सडेल, म्हणजे नांगराला आणि ओझ्याच्या गाड्यांना जुंपतात ती अवजड जात. बाप शर्यतीच्या घोड्यांतला. मान आणि छाती आईची, कान आणि डोळे बापाचे, पाठ एवढी रुंद की तिच्यावर जेवणाचं ताट मांडावं. रंग तांबूस तपकिरी, चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, आणि खुरांवर उतरणारे लांब, रेशमी पांढरे केस. तिथे त्याला फेदर म्हणतात. आम्ही घरी झालर म्हणायचो. म्हणजे ती म्हणायची, मी ऐकायचो. घोडीला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण बायको तिला नुसतं 'बाई' म्हणायची.

मी संध्याकाळी घरी आलो की बुलेटिन सुरू. आज बाईचं पोट गुरगुरत होतं. बाईला नवी नाल आवडलेली नाही. मी मान हलवायचो. आत काय चालायचं ते आता लिहितो. माझंही पोट त्याच आठवड्यात बिघडलेलं होतं आणि ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. मी चष्म्याची फ्रेम बदलली, चार दिवस तिला दिसली नाही; बाईच्या डोळ्याच्या कोपऱ्यातलं चिपाड मात्र तिला लांबून दिसायचं. घरात सफरचंद कापलं की फोडी डब्यात भरून तबेल्यावर. गाजरं नेहमी संपलेली. कारच्या सीटवर गवत, कोटावर केस, वॉशिंग मशीनच्या तळाशी वाळू. हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला सहन झाला नाही तो तिचा आवाज.

तो मी एका हिवाळ्यात ऐकला. तिची गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून मी तिला आणायला गेलो. बाहेर श्वास गोठेल अशी थंडी. तबेल्याच्या आत, टोकाच्या कप्प्यात, ती घोडीच्या मानेला कपाळ टेकवून उभी होती आणि तिच्याशी बोलत होती. "काऊन गं, काय झालं माय? थंडी वाजून राहिली का?" मी दारातच थांबलो. माझं घर पुण्याचं. लग्न होऊन ती आली तेव्हा तिच्या 'करून राहिली', 'येऊन राहिली'ला आमच्याकडे सगळे हसायचे. मीही हसायचो. वर्षभरात तिनं ती भाषा गुंडाळून ठेवली आणि आमच्यासारखं बोलायला लागली. मला वाटलं होतं, विसरली. ती विसरली नव्हती. तिनं ती कुणासाठी तरी राखून ठेवली होती, आणि तो कुणीतरी मी नव्हतो.

तिथल्या महाराष्ट्र मंडळात चेष्टा चालायची. गणपतीत एकानं मला गाठून विचारलं, काय रे, वहिनींनी घोडी पाळलीय म्हणे, मग चढ की पुन्हा बोहल्यावर, वरातीची सोय घरचीच आहे. दुसरा म्हणाला, यार, माझी नुसती शॉपिंग करते, तुझं बरंय. मी हसलो. एका काकूंनी तिला सरळच विचारलं, की अगं, त्या जनावराचा घरात वास नाही का येत? ती म्हणाली, "येतो ना, काकू. छान येतो." तिच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मी आमच्या लग्नाच्या फोटोंत शोधलं. खरंच शोधलं, अल्बम काढून.

दोन हजार चारच्या वसंतात मला चँडलरहून ऑफर आली. ॲरिझोनात कॉम्प्युटरच्या चिपा बनवणारी कंपनी, बर्फ नाही, आणि ग्रीन कार्डाचं काम लगेच सुरू करू असं आश्वासन. कार्डाच्या वाटेवर तिलाही नोकरीची परवानगी मिळाली असती, हे मी तिला पुन्हा पुन्हा ऐकवलं. ती म्हणाली, ऑगस्टमध्ये काउंटीचा घोड्यांचा शो आहे, बाईला त्यात उतरवायचंय, तो होऊ दे, मग बोलू. एकदा भांडी लावता लावता म्हणाली, तुम्ही पुढे व्हा, मी मागून येते, असंही लोक करतात. त्या 'मागून'चा अर्थ मी कितीतरी दिवस उलटसुलट करत होतो. आमच्या ओळखीत अशी जोडपी होती. नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या, आणि 'मागून' दर वर्षी एकेक वर्ष पुढे जायचं. त्यात मालकिणीनं मला पार्किंगमध्ये थांबवून सांगितलं, की तुझी बायको इथं राहणार असेल तर ही घोडी तिची, कायमची. ती चांगुलपणानं बोलली. मी थँक यू म्हटलं आणि गाडीत बसून बराच वेळ किल्ली लावली नाही. प्रश्न साधा होता. मी की घोडी. आणि उत्तर काय येईल याची मला खात्री नव्हती.

मग एका रविवारी बायकोनं शोची नियमांची पुस्तिका माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "तुम्हाला नियम वाचायला आवडतात. बाईला कोणकोणत्या क्लासमध्ये उतरवायचं, सांगा."

क्लास म्हणजे त्या शोतल्या एकेक स्पर्धा. मी हे काम असं हातात घेतलं जसं कोणी मला पहिल्यांदाच काही विचारलंय. तसं ते होतंही. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी त्या पुस्तिकेचा अभ्यास करायचो. बाईसारख्या मिश्र जातीच्या घोडीपुढे दोन वाटा होत्या. एक हंटरच्या क्लासची. तिथे हलकं, चपळ, गुळगुळीत जनावर लागतं. आयाळीच्या बारीक बारीक वेण्या घालतात आणि पायांचे केस मशीननं साफ कापतात. बापाकडून तिला तो अधिकार होता. दुसरी वाट जड संकरित घोड्यांच्या क्लासची. तिथे वर बसायचं नाही, दोर हातात धरून घोडं चालवत दाखवायचं. परीक्षक बांधा बघतो, पाय बघतो, चाल बघतो, आणि झालर ही तिथली शोभा. दोन्हीकडे पाय ठेवता येत नाही. झालर एकदा कापली की पुन्हा पुरती यायला वर्ष जातं.

मी घोडीचे फोटो काढून आणले, समोरून, बाजूनं, मागून. पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. हंटरच्या रांगेत ती नाचाच्या वर्गात आलेल्या पैलवानासारखी दिसली असती. जड घोड्यांत मात्र तिची ती छाती, तो पाय उचलून टाकण्याचा डौल, सगळं जागेवर बसत होतं. मी बायकोला समजावून सांगितलं. जड संकरितांचा क्लास घ्यायचा, आणि त्याच्या पाठोपाठ टर्नआउटचा, जिथे जनावर आणि माणूस किती नीट तयार होऊन आलेत एवढंच बघतात. आयाळीच्या बारीक वेण्या नकोत, एवढ्या जाड मानेवर त्या उंदरांसारख्या दिसतील. मानेच्या कडेनं एकच सलग जाड वेणी. लगामाचा पट्टा रुंद हवा, अरुंद पट्टा त्या तोंडावर सुतळीसारखा दिसेल. झालर धुवायची, वाळली की लाकडाचा बारीक भुसा चोळायचा, म्हणजे पांढरीशुभ्र फुलून येते. वेशभूषेचाही एक क्लास होता. मंडळातले म्हणत होते, जरीची झूल घाला, वरातीची घोडी करा, बक्षीस पक्कं. बायको म्हणाली, "नको. ती जशी आहे तशीच न्यायची."

ते चार-पाच दिवस फार चांगले गेले. जेवणं झाली की ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायची. एकदा हसताना तिनं माझ्या दंडावर चापट मारली. मला वाटलं, घोडीच्या निमित्तानं का होईना, हिला मी दिसायला लागलो.

त्या शनिवारी मी तिच्याबरोबर तबेल्यावर गेलो आणि मालकिणीला आमचा बेत ऐकवला, जरा ऐटीतच. ती म्हणाली, हो, बरोबर आहे, मे महिन्यातच आम्ही दोघींनी हे ठरवलं. मी बायकोकडे पाहिलं. ती खरारा हातात घेऊन उभी होती. हळूच मराठीत म्हणाली, "तुम्हालाही घ्यावं म्हटलं त्यात."

मला घेतलं होतं. पोळ्या चाललेल्या असताना घरातल्या लहान मुलाला एक गोळा देतात ना, घे तू पण लाट, तसं. परतताना मी गाडीत एक शब्द बोललो नाही. तिला त्यात नवल वाटलं नसणार.

शो ऑगस्टमधल्या एका शनिवारी होता. आदल्या संध्याकाळी मी ऑफिसातून लवकर निघालो, वाटेत इंडियन ग्रोसरी केली आणि तबेल्यावर गेलो, मदतीला म्हणून. दोघींनी घोडीला न्हाऊ घातलं होतं. पांढऱ्या केसांसाठी एक जांभळा शांपू असतो, त्यानं पाय धुतले होते, आणि झालर वाळून इतकी शुभ्र दिसत होती की तिच्या आजूबाजूचं सगळं मळकट वाटावं. पुढच्या डाव्या पायाला कुंपण घासून बोटभर खरचटलं होतं. मालकीण म्हणाली, मिठाच्या पाण्यानं पुसलंय, काही लावायचं नाही, सकाळपर्यंत सुकेल. रात्रीत पाय मळू नयेत म्हणून त्यांना बँडेज गुंडाळायचं होतं. बायकोनं तीन पाय बांधले, कसं बांधायचं ते दाखवलं आणि चौथा, तो खरचटलेला, माझ्यावर सोपवून मालकिणीबरोबर घोडी न्यायचा ट्रेलर गाडीला जोडायला गेली.

राहिलो आम्ही दोघं. घोडीनं माझा खांदा हुंगला आणि तोंड फिरवलं. बायको ज्या दारानं गेली तिकडे बघून तिनं घशातल्या घशात एक आवाज काढला, हलका, थरथरता. तो आवाज ती फक्त बायकोसाठी काढायची, हे मी ऐकून होतो. आणि पलीकडून, ट्रेलरच्या मागून, बायकोनं तिला ओ दिली.

मी गाडीकडे गेलो. ग्रोसरीच्या पिशवीत हळदीचं पाकीट होतं आणि खोबरेल तेलाची बाटली. एका बादलीच्या झाकणात मी हळद ओतली, तेल घातलं, आणि कालवायला काडी शोधली. हाताला डाग लागू नये म्हणून एक चिंधी घेतली. खरचटलं होतं बोटभर. मी हळद लावली गुडघ्याखालून खुरापर्यंत, केसांत मुरेल अशी. आपल्याकडे नवरदेवाला हळद लावायची तर बायका जुनी लुगडी नेसतात. पांढऱ्या शर्टावर पडलेल्या वरणाच्या थेंबाचं पुढे काय होतं हे आपल्या कुठल्या घरात माहीत नाही? पुढे कितीदा तरी मी स्वतःला सांगितलं की चांगल्या मनानं हात गेला, डागाचं सुचलं नाही. पण मी चिंधी घेतली होती. घोडी हलली नाही, पाय मागे घेतला नाही. मग मी त्यावर बँडेज गुंडाळलं, बायकोनं दाखवलं होतं अगदी तसं.

सकाळी शोच्या मैदानावर, ट्रेलरपाशी, बायकोनं बँडेज सोडलं. तीन पाय पांढरे निघाले. चौथा भर लग्नघरातून आल्यासारखा. मालकीण आधी वाकून बघत राहिली, मग हसली आणि म्हणाली, तुझा नवरा किती गोड आहे. कारण तोवर मी बोललो होतो. म्हणालो, जखम होती, आपल्याकडे लावतात ना. बायको माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, कळलं. आणि बघता बघता तिचा चेहरा मऊ झाला. "अहो," ती म्हणाली, "विचारायचं तरी."

ती धावत जाऊन पाणी आणि साबण घेऊन आली. हळदीला साबण लागला की ती लाल होते; गडबडीत तिला ते आठवलं नाही. घासता घासता घोडीचा पाय विटकरी लाल झाला, लांबून रक्तच वाटावं. शेजारच्या ट्रेलरची माणसं वळून बघायला लागली. पाणी ओतत राहिल्यावर पुन्हा पिवळा. दोन-तीन दिवस उन्हात उभी राहिली असती तर डाग आपोआप उडाला असता, पण क्लास तासाभरात होता. मालकिणीनं केस कापायचं मशीन काढलं. म्हणाली, चारही पायांची झालर काढू, आयाळीच्या वेण्या मी घालते, शोच्या ऑफिसात सांगून हंटरच्या क्लासमध्ये नाव टाकू, निदान दिसायला स्वच्छ दिसेल. बायकोनं त्या पिवळ्या केसांवर हात ठेवला. "कापायची नाही," ती म्हणाली. आधी मराठीत, मग इंग्रजीत.

त्यांनी त्यावर मक्याचं पीठ चोळलं. आम्रखंडाचा रंग आला. पांढरा शर्ट, काळा कोट, केसांचा घट्ट अंबाडा अशी माझी बायको तीन पांढऱ्या आणि एका आम्रखंडी पायाच्या घोडीला घेऊन रिंगणात गेली. मी कुंपणाला टेकून उभा होतो.

रांगेत सहा-सात जनावरं असतील. परीक्षक उंच, हॅट घातलेला माणूस. तो प्रत्येकाभोवती फिरायचा, मागे सरकून बघायचा, चालवायला सांगायचा. आमच्या घोडीपाशी आला, छातीकडे बघून त्यानं मान डोलावली, मग खाली बघितलं. वाकला. झालर बोटांनी फाकवली, आत बघितलं, बोटं नाकाशी नेली. अशा दाट केसांखाली जड घोड्यांना एक त्वचेचा रोग फार होतो, आणि तिथल्या तबेल्यांत जखमांवर जे मलम लावतात तेही पिवळंच असतं. हे मला नंतर कळलं. बायको त्याला काही सांगत होती. 'टर्मरिक' हा शब्द मला कुंपणापर्यंत ऐकू आला. त्यानं सौजन्यानं ऐकून घेतलं, आणि बाहेरच्या फाटकाकडे हात केला. पायावर औषध थापलेलं जनावर त्याला इतरांबरोबर उभं करता येत नव्हतं.

तिनं घोडीच्या मानेवर थोपटलं, दोर नीट धरला आणि वळली. घोडीला कुठे काय माहीत. ती मान उंच करून, एकेक पाय उचलून, त्या सकाळची सगळ्यांत सुंदर चाल चालत बाहेर आली. बाकांवरचे लोक बघत होते. मला त्या क्षणी वाईट वाटलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. वाईट नंतर वाटलं. आधी बरं वाटलं. तिला बाहेर काढलं. तिला.

ट्रेलरच्या सावलीत बायको आयाळीची वेणी सोडवत होती. मी पाण्याची बाटली पुढे केली. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, पुढच्या वर्षी नीट करू.

"पुढच्या वर्षी कुठलं?" ती म्हणाली. "आपण चँडलरला असू."

तिचा आवाज साधा होता, दूध संपलंय सांगावं तसा. मी विचारलं, कधी ठरलं हे. म्हणाली, जूनमध्येच. मालकिणीला सांगून टाकलंय, तिनं बाईसाठी एक मुलगी बघूनही ठेवलीय. "मला फक्त एकदा तिला छान तयार करून चारचौघांपुढून न्यायचं होतं. मग सोडणार होते. शो झाल्यावर बोलू म्हटलं होतं ना मी?"

मी बाटलीचं झाकण उघडत-लावत राहिलो. तिला वाटलं, मला अपराधी वाटतंय. ते खरंच होतं, तिला वाटत होतं त्याहून वेगळ्या कारणासाठी. माझ्या बाहीला हात लावून म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. तुम्ही पहिल्यांदा तिला हात लावलात, तोही औषध लावायला."

आम्ही चँडलरला आलो. वाळवंटातलं नवं कोरं घर, पुढे दगड, मागे दगड. काही वर्षांत तिचं वर्क परमिट आलं आणि ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायला लागली. घोड्याचं नाव नाही. शहराच्या कडेनं जाताना कुठे घोडे दिसले की ती गप्प व्हायची, तेवढंच. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. बाईचा विषय आमच्या घरात एकाच रूपात उरला होता, तो म्हणजे हळदीची गोष्ट. बायको ती गोष्ट पाहुण्यांना सांगायची आणि फार सुंदर सांगायची. साबण लावल्यावर पाय लाल झाला इथे लोक पोट धरून हसायचे. परीक्षक बोटं हुंगतो, त्याची ती नक्कल करायची. आणि शेवटी म्हणायची, "आमच्या ह्यांना बोलता येत नाही, पण जीव लावतात." सगळे माझ्याकडे कौतुकानं बघायचे.

त्या गोष्टीतला नवरा भोळा होता, मायाळू होता. बायको त्याच्याबद्दल बोलताना तिच्या तोंडावर ते यायचं, जे मी एकदा अल्बममध्ये शोधलं होतं. मला त्या माणसाचा हेवा वाटायला लागला. घोडीचा वाटला होता त्याहून वाईट, कारण घोडी निदान खरी होती. तो खोटा होता, माझ्या घरात राहत होता, माझे कपडे घालत होता, आणि माझी बायको त्याच्यावर खूश होती.

यंदाच्या उन्हाळ्यात मुंबईहून नव्यानं आलेल्या एका कुटुंबाकडे आम्ही रविवारी जेवायला गेलो होतो. तिनं गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे आलेल्या मावशी म्हणाल्या, गुणाचा गं नवरा तुझा. परतताना भर दुपारी, एका सिग्नलला, मी म्हणालो, "मी मुद्दाम लावली होती."

"काय?"

"हळद. डाग पडणार हे मला माहीत होतं. म्हणूनच लावली."

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न वाजवला तेव्हा मी गाडी हलवली. घर येईपर्यंत ती समोर बघत होती. गॅरेजचं दार खाली आलं, इंजिन बंद झालं, ती उतरली नाही.

"काऊन?" ती म्हणाली.

मी सांगितलं. मला वाटलं होतं तू तिच्यापाशी राहशील. पार्किंगमधलं मालकिणीचं बोलणं, ते 'मागून', मे महिना, ट्रेलरमागून दिलेली ओ. इतकं मी तिच्याशी एका दमात कधी बोललो नव्हतो.

"अन् मला विचारलं असतं तर?" ती म्हणाली. "मी येऊनच राहिली होती न तुमच्यासंग. त्या माणसानं सगळ्यांदेखत बाहेर काढलं आम्हाले. तिच्या पायाला रोग आहे म्हणून. तिच्या पायाला." मग थोडं थांबून, "चार वर्षं मी लोकांना सांगत फिरली, का माझा नवरा किती भोळा आहे."

ती उतरून आत गेली. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. दोन आठवडे घरात लागेल तेवढंच बोलणं होतं. एके दिवशी तिनं मिनेसोटाला फोन लावला. मी बाहेरच्या खोलीत होतो. मालकीण अजून तशीच खणखणीत होती, फोनमधून बाहेर ऐकू येत होती. घोडी बरी आहे; ती मुलगी हिवाळ्यात तिला स्लेजला जुंपते, मुलांना बर्फात फिरवते. झालर पुन्हा पांढरी आहे का, असं बायकोनं विचारलं, आणि दोघी हसल्या. मी काय केलं होतं ते तिनं सांगितलं नाही.

त्यानंतर तिनं स्वतःच शोधून काढला, चँडलरच्या दक्षिणेला, गाईंच्या गोठ्यांपलीकडे एक तबेला. दर शनिवारी पहाटे जाते, ऊन चढायच्या आत. पहिल्या वेळी मी विचारलं होतं, येऊ का. ती बुटांच्या नाड्या बांधत होती. "नाही," म्हणाली. घोडा आहे की घोडी, कुठल्या जातीची, कुठल्या रंगाची, मला माहीत नाही. बुलेटिन बंद आहे. न बघितलेल्या जनावराचा मत्सर करणं फार कठीण जातं, सगळं आपल्यालाच बनवावं लागतं, आणि मी ते बनवतो. त्याला पांढरे पाय देतो. ती त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलते, तेही मला माहीत आहे.

मागच्या शनिवारी ती परत आली तेव्हा चेहरा उन्हानं तांबूस झाला होता, आणि तो वास होता. मी स्वयंपाकघरात उभा होतो. ती नळापाशी पाणी पीत होती. मी म्हणालो, "मला हेवा वाटतो."

ती ग्लास संपेपर्यंत प्यायली. माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, बराच वेळ.

"वाटू द्या," ती म्हणाली, आणि अंघोळीला गेली.